नस की शीर? मानेतल्या एका गाठीचं डिजिटल मॉडेल

विरळणीच्या दिवसांत द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईचे हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्याच्या वरच असतात. मांडवाखाली उभं राहायचं, एका हातात घड धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीने जास्तीचे मणी काढायचे. दिंडोरी तालुक्यातल्या अशाच एका मावशींचा उजवा हात दोन हंगाम भरून येत होता. आधी अंगठ्यात मुंग्या यायच्या, मग खांद्यापासून अंगठ्यापर्यंत करंट बसायचा, आणि शेवटी शेवटी कात्री हातातून निसटायला लागली. वय ४६. (त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि त्यांची लेखी संमती घेऊनच हे लिहितो आहे.)

मानेचा एमआरआय झाला. त्यात पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी पुढे आलेली दिसली. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये अशी चकती दिसते, काहीही त्रास नसतानाही. पण इथे त्रास होता आणि चकतीही होती, त्यामुळे दोन्हींची सांगड घातली गेली. ‘मानेत नस दबली आहे’ असं मावशींना सांगण्यात आलं. पट्टा, शेक, गोळ्या, मानेचं ट्रॅक्शन यांत आठ महिने गेले.

गाठ सापडली ती बोटांना. व्यायाम शिकवताना फिजिओथेरपिस्टचं बोट उजव्या हासळीच्या वर, मानेच्या बाजूला टेकलं. तिथे मोठ्या बोराएवढं काहीतरी टणक लागलं. ते दाबल्याबरोबर मावशींनी हात झटकला, कारण करंट थेट अंगठ्यात गेला होता. सोनोग्राफी झाली, मग सर्जनकडे पाठवणी. सर्जनचं निदान होतं श्वानोमा, म्हणजे मज्जातंतूच्या आवरणातल्या पेशींपासून वाढणारी गाठ. बहुतेक वेळा ही साधी असते, कॅन्सरची नसते.

मी इंजिनिअर आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये बरीच वर्षं मोल्ड डिझाइन केलं. नंतर सीटी स्कॅनवरून हाडांची मॉडेलं करून सर्जनना द्यायला लागलो. जबडा, खुबा, कवटी अशी कामं बरीच झाली होती. मज्जातंतूचं हे पहिलंच काम.

सर्जनना नेमकं काय हवं होतं

श्वानोमाची एक गोष्ट सर्जनच्या फायद्याची असते. ही गाठ साधारणपणे मज्जातंतूतल्या एखाद्याच धाग्यापासून निघते आणि बाकीच्या धाग्यांना बाजूला ढकलत वाढते. त्यामुळे गाठीवर धागे नसलेली एखादी जागा सापडली, तर तिथे आवरण चिरून आतली गाठ अलगद सोलून काढता येते आणि मज्जातंतू शाबूत राहतो. सगळा प्रश्न ती जागा सापडण्याचा असतो.

ही गाठ होती ब्रेकियल प्लेक्ससमध्ये, म्हणजे हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यात. मानेतून सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१ अशी पाच मुळं निघतात. त्यांची तीन खोडं होतात, प्रत्येक खोडाचे दोन फाटे होतात, ते सहा फाटे पुन्हा एकत्र येऊन तीन दोर होतात, आणि त्या दोरांपासून हाताच्या मुख्य नसा निघतात. माझ्यासारख्या नाशिककराला हे ऐकताना द्राक्षाचा वेल आठवणारच: मूळ, खोड, ओलांडा (खोडापासून निघणारी आडवी फांदी), काडी. फरक एवढाच, आणि तोच फार मोठा, की वेलाचा फाटा एकदा फुटला की पुन्हा दुसऱ्या फाट्याला मिळत नाही. इथे मात्र फुटतात, मिळतात, पुन्हा फुटतात. म्हणून एका टोकापासून सुरुवात करून डोळे मिटून पुढे जाता येत नाही.

सर्जनचे प्रश्न तीन होते. वरचं खोड, म्हणजे सी-५ आणि सी-६ मिळून होणारं, गाठीच्या पुढून जातं की मागून? श्वासपटलाला जाणारी फ्रेनिक नस गाठीपासून किती लांब आहे? आणि वरच्या खोडापासून निघून खांद्याच्या मागे जाणारी सुप्रास्कॅप्युलर नस कुठे आहे? हात वर उचलायला सुरुवात करणं आणि दंड बाहेरच्या बाजूला फिरवणं, ही दोन्ही कामं याच शेवटच्या नसेवर बरीचशी अवलंबून असतात. बागेत काम करणाऱ्या बाईसाठी ती म्हणजे रोजंदारीच.

पहिलं मॉडेल, आणि त्यातली चूक

हाडाचं मॉडेल करणं तसं सोपं. सीटीमध्ये हाड पांढरंशुभ्र दिसतं आणि त्या पांढरेपणाला ठरलेलं एकक आहे. एक आकडा ठरवायचा आणि त्याच्या वरचं सगळं उचलायचं. मग त्या ठिपक्यांवर पृष्ठभाग चढवायचा. त्यासाठीची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत १९८७ सालची आहे आणि आजही तीच चालते. तासाभरात जबडा तयार होतो.

एमआरआयमधल्या करड्या रंगाला असं एकक नसतं. त्याच मशिनवर, त्याच माणसाचा, दुसऱ्या दिवशी स्कॅन केला तरी आकडे बदलतात. शिवाय मज्जातंतू, शीर, लसिकाग्रंथी या सगळ्यांचा करडेपणा एकमेकांत मिसळतो. आकडा ठरवून नस उचलता येत नाही.

ऑटोमॅटिक काहीतरी मिळेल या आशेने मीही शोधलं. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी यू-नेट हे स्कॅनमधले भाग आपोआप वेगळे करायला शिकणारं न्यूरल नेटवर्क मांडलं, तेव्हापासून या क्षेत्राचा वेग प्रचंड वाढला. टोटलसेगमेंटेटर नावाचं मोफत साधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं, ते सीटीमधल्या १०४ रचना आपोआप वेगळ्या करत होतं. फासळ्या, मणके, यकृत, महाधमनी, सगळं. त्या १०४ मध्ये ब्रेकियल प्लेक्सस नव्हता. कारण उघड आहे: शिकवायला नमुने लागतात, आणि नमुने काढायला कुणीतरी आधी हाताने नस रेखावी लागते.

मग मी हाताने रेखली. पहिला एमआरआय मणक्यासाठी काढलेला होता, ४ मिमी जाडीच्या कापांचा. थ्रीडी स्लायसर या स्कॅन पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला, प्रत्येक कापावर नस वाटली तिथे ठिपका दिला आणि ठिपक्यांमधून स्प्लाइन, म्हणजे एक गुळगुळीत वक्र रेषा, ओढली. मग त्या रेषेभोवती ५ मिमी व्यासाचा पाइप फिरवला. टूलरूममध्ये कूलिंगच्या वाहिन्या अशाच काढायचो. हासळीच्या मागे साधारण दोन सेंटिमीटर अंतरात नस दिसतच नव्हती. तिथे स्प्लाइनने दोन्ही टोकं अशी सुरेख जोडली की जोड कुठे आहे ते मलाही दिसेना.

मॉडेल फार देखणं झालं. पिवळ्याधमक नसा, मधोमध जांभळी गाठ, मागे हस्तिदंती हासळी. सर्जननाही आवडलं. त्यांनी एकच गोष्ट केली: गंगापूर रोडवर बसणाऱ्या एका रेडिऑलॉजिस्ट मॅडमना ते दाखवायला सांगितलं.

मॅडमनी मॉडेलकडे जेमतेम पाहिलं. त्यांनी मूळ स्कॅन उघडला, माझी रेषा त्यावर चढवायला सांगितली आणि माउसचं चाक फिरवत एकेक काप पुढे नेऊ लागल्या. अकराव्या कापावर थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग पेन्सिलीचं मागचं टोक पडद्यावर टेकवून विचारलं, “ही नस म्हणता तुम्ही. पुढे कुठे जाते बघा बरं.” मी चाक फिरवलं. माझी पिवळी रेषा जिथे थांबत होती, तिथून तो पांढरा ठिपका पुढे सरकत गेला, जाड झाला आणि हासळीखालच्या मोठ्या शिरेला जाऊन मिळाला. मी सुप्रास्कॅप्युलर नस म्हणून काढलेली रेषा ही एक शीर होती.

आपल्या बोलण्यातच हा घोटाळा आहे, हे मला तेव्हा जाणवलं. सलाईन लावताना सिस्टर म्हणतात, “नस सापडत नाही.” तेव्हा त्यांना शीर म्हणायचं असतं. मणक्याचे डॉक्टर म्हणतात, “नस दबली.” तेव्हा मज्जातंतू म्हणायचा असतो. मान आखडली की घरात म्हणतात, “शिरेवर शीर चढली,” आणि तेव्हा बहुधा स्नायू म्हणायचा असतो. बोलताना काही बिघडत नाही. मॉडेलमध्ये मात्र एकीचा रंग पिवळा आणि दुसरीचा निळा असतो, आणि सर्जन त्या रंगावर विसंबून सुरी कुठे ठेवायची ते ठरवणार असतो.

मॅडमनी आणखी एक सांगितलं आणि ते मला जास्त लागलं. शीर ओळखण्यात चूक होऊ शकते, त्यांच्याकडूनही होते. पण हासळीमागचे ते दोन सेंटिमीटर मी पाहिलेच नव्हते, तरी तितक्याच ठाम पिवळ्या रंगाने रंगवले होते. तिथे नक्की काय आहे, हे मॉडेल पाहणाऱ्याला विचारावंसंही वाटलं नसतं.

नव्याने स्कॅन

मज्जातंतूंसाठीच काढलेल्या एमआरआयला एमआर न्यूरोग्राफी म्हणतात. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. मज्जातंतूच्या धाग्यांमध्ये थोडा द्रव असतो. आजूबाजूच्या चरबीचा प्रकाश दाबून टाकला, तर तो द्रव उजळून दिसतो. चरबी दाबण्याच्या दोन-तीन पद्धती आहेत. मान आणि खांद्याच्या मधल्या भागात शरीराचा आकार एकदम बदलतो, शेजारी फुफ्फुसातली हवा असते, त्यामुळे मशिनचं चुंबकीय क्षेत्र तिथे एकसारखं राहत नाही आणि नेहमीची पद्धत फसते. तिथे ‘स्टर’ नावाची पद्धत जास्त भरवशाची.

पण स्टरमध्ये संथ वाहणाऱ्या शिराही उजळतात. माझी फसगत तिथलीच होती. यावरचा उपाय मला फार आवडला. गॅडोलिनियम या एमआरआयच्या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन दिलं की रक्ताचा चुंबकीय गुणधर्म बदलून चरबीच्या जवळ येतो. मग चरबी दाबायला लावलेली युक्ती रक्तालाही दाबते. शिरा काळवंडतात, मज्जातंतू तेवढे उजळ राहतात. मूत्रपिंडाची तपासणी आधी करून घ्यावी लागते, ती केली.

मॅडमनी १ मिमीच्या कापांचा त्रिमितीय स्कॅन मागितला. त्याला वेळ लागतो, आणि श्वासाबरोबर छातीचा वरचा भाग हलतो, म्हणून खालची मुळं धूसर येतातच. मावशींना आधी समजावून सांगितलं. त्या इतक्या स्थिर पडून राहिल्या की टेक्निशियननेही त्यांचं कौतुक केलं.

स्कॅनच्या सीडीवर त्यांचं नाव, वय आणि गावही होतं. ते माझ्या संगणकावर यायच्या आधीच काढून टाकलं. नुसतं फायलीचं नाव बदलून भागत नाही, डायकॉम (वैद्यकीय स्कॅन साठवण्याचा प्रकार) फायलीच्या आतल्या रकान्यांत नाव राहतंच.

रेषा कुठे, पट्टा कुठे

आता दुसरं मॉडेल. या वेळी मी पाइप फिरवला नाही. नसेच्या दिशेला काटकोनात काप घेऊन प्रत्येक ठिकाणी तिची खरी कड रेखली. काम दहापट वाढलं. एक हिशोब सांगतो म्हणजे कारण कळेल. स्कॅनचा ठिपका १ मिमीचा आणि खोड ५ मिमी जाड असेल, तर आडव्या कापात पाचच ठिपके येतात. त्यातल्या दोन्ही कडांच्या ठिपक्यांत अर्धी नस आणि अर्धी चरबी असते. ते दोन्ही वगळले तर जाडी ३ मिमी उरते आणि क्षेत्रफळ जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. आणि नस मुळात २ मिमीची असेल तर काहीच उरत नाही.

त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा मोह. ठिपक्यांपासून केलेला पृष्ठभाग जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो, म्हणून सगळेच तो घासून घेतात. साध्या पद्धतीने घासला तर बारीक वस्तू आकसते. हाडावर फरक कळत नाही, नसेवर कळतो. १९९५ मधली तौबिनची पद्धत आकसू देत नाही, ती वापरली. तरी घासण्याआधीचा पृष्ठभाग शेजारी ठेवून दर सेंटिमीटरला जाडी ताडून पाहिली.

आणि रंग. इथे आम्ही तिघांनी, सर्जन, मॅडम आणि मी, दोन संध्याकाळी बसून ठरवलं. स्कॅनमध्ये सलग दिसलेली आणि मॅडमनी मान्य केलेली नस गडद पिवळी. दोन्ही टोकं दिसतात पण मधला भाग दिसत नाही, तिथे तोच पिवळा, पण अर्धपारदर्शक आणि तुटक. स्कॅनमध्ये दिसतच नाही, केवळ शरीररचनेच्या ज्ञानावरून असणार असं वाटतं, तिथे रेषाच नाही.

हा शेवटचा मुद्दा फ्रेनिक नसेवरून निघाला. ती इतकी बारीक असते की आमच्या स्कॅनमध्ये ती मिळाली नाही. मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंपैकी पुढच्या स्नायूच्या समोरून ती खाली उतरते, एवढं पक्कं माहीत असतं. मी म्हटलं, तुटक रेषा काढतो. सर्जन म्हणाले, “रेषा काढलीत की माझा डोळा तिथेच जाईल, आणि दोन मिलिमीटर बाजूला मी निर्धास्त होईन. रेषा नको, पट्टा काढा.” म्हणून स्नायूच्या समोरचा सबंध भाग फिकट लाल रंगवला. तिथे कुठेतरी ती आहे, जपून. गळ्याच्या कॅन्सरचं रेडिएशन ठरवताना प्लेक्सससाठी हीच शिस्त पाळतात. सीटीत नसा नीट दिसत नाहीत, म्हणून पुढच्या आणि मधल्या स्केलीन स्नायूंमधली जागाच आखून घेतात. मला या पट्ट्याचं महत्त्व कळायला एक चूक करावी लागली.

दुसऱ्या मॉडेलमध्ये वरचं खोड स्पष्ट दिसलं. गाठीच्या मागून आणि थोडं खालून, चपटं होऊन गेलेलं. सलग गडद पिवळं. म्हणजे पुढची बाजू उघडायला मोकळी दिसत होती. सुप्रास्कॅप्युलर नसेचं मात्र फक्त पुढचं टोक, हासळीपलीकडचं, दिसत होतं. खोडापासून तिथपर्यंतचा भाग गाठीच्या बाहेरच्या कडेला चिकटून कुठेतरी हरवत होता. तिथे तुटक पिवळी रेषा आली. नेहमीच्या शरीररचनेत ती जिथून जाते, तिथूनच मी ती काढली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मावशींनी मॉडेल पाहिलं

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जननी मावशींना आणि त्यांच्या यजमानांना लॅपटॉपवर मॉडेल दाखवलं. मलाही बसवून घेतलं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट पडद्याजवळ नेऊन म्हणाल्या, “हा तर वेलच आहे की. आणि ही गाठ ओलांड्यावर आलीय.”

“बरोबर,” सर्जन म्हणाले.

“काडी तुटली तर फुटती का पुन्हा?”

हा प्रश्न इतका नेमका होता की सर्जननी उत्तर द्यायच्या आधी खुर्ची जवळ ओढली. मज्जातंतू तुटला तर टोकापासून पुन्हा वाढू शकतो, पण वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मानेपासून खांद्यामागच्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजलं तर महिने लागतात, आणि वाढेलच असं नाही, योग्य वाटेनेच जाईल असंही नाही. सर्जननी हे सगळं सांगितलं. तुटक रेषेवर बोट ठेवून हेही सांगितलं, की इथे आम्हाला दिसत नाही.

यजमानांचा चेहरा उतरला. मावशी म्हणाल्या, “दिसत नाही ते सांगितलं ना डॉक्टर, मग बरंय. हळू काढा.” आणि सही केली.

संमतीपत्रावरच्या सह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. कशाला सही करतो आहोत हे इतकं नीट समजून केलेली सही क्वचितच पाहिली.

टेबलवर

मला आत उभं राहायची परवानगी होती, मॉडेल पडद्यावर फिरवायला.

पहिला धडा चिरा देण्याआधीच मिळाला. स्कॅनच्या वेळी मावशी सरळ, हात शरीरालगत ठेवून झोपल्या होत्या. टेबलवर खांद्याखाली उशी, मान डावीकडे वळवलेली, उजवा खांदा खाली ओढलेला. हासळी माझ्या मॉडेलमधल्या जागेवर नव्हतीच. ‘हासळीपासून गाठ इतके मिमी’ असा आकडा मी मॉडेलवर छापला होता, तो निरुपयोगी ठरला. गाठ आणि खोड यांचं आपसातलं नातं मात्र बदललं नव्हतं, कारण ती दोन्ही एकमेकांना चिकटून बरोबरच सरकतात.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्नायू सैल करणारं औषध मुद्दाम लवकर उतरेल असं दिलं होतं. मज्जातंतूला बारीक विद्युतप्रवाह देऊन स्नायू हलतो का हे पाहायचं असेल, तर स्नायू जागा असावा लागतो.

गाठ उघडी पडली. पिवळसर, चकचकीत, खरंच मोठ्या बोरासारखी. मागे खोड होतं, मॉडेलने सांगितलं होतं तिथेच. सर्जननी प्रोब हातात घेतला आणि पुढच्या, मोकळ्या दिसणाऱ्या बाजूपासून तपासायला सुरुवात केली. आतल्या कडेला काही हललं नाही. मधोमध आले. काही नाही. बाहेरच्या बाजूला सरकले आणि मावशींचा दंड चादरीखाली बाहेरच्या बाजूला फिरला.

खोलीतले सगळे थांबले. सर्जननी प्रोब उचलला, पुन्हा टेकवला. दंड पुन्हा फिरला. भिंगातून पाहिल्यावर गाठीच्या आवरणावर एक पांढुरकी, कागदासारखी पातळ पट्टी दिसली. सुप्रास्कॅप्युलर नस. ती कडेने गेलेली नव्हती. वाढणाऱ्या गाठीने तिला पुढच्या पृष्ठभागावर ताणून चपटी केली होती, माझ्या तुटक रेषेपासून जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे. आवरण उघडायचा पहिला बेत तिच्या अगदी शेजारून जात होता.

चिरा आतल्या बाजूला सरकवला. आवरणाचे थर एकेक करून बाजूला केले, आणि गाठ सोललेल्या लिंबासारखी बाहेर आली. तिच्यात शिरणारा एक बारीक धागा होता. त्याला प्रवाह दिल्यावर काहीच हललं नाही, म्हणून तो कापला. फ्रेनिक नस फिकट लाल पट्ट्याच्या आतल्या कडेला सापडली आणि तिला कुणी हात लावला नाही.

नंतर हात धुताना सर्जन म्हणाले, “तुमची तुटक रेषा चुकीच्या जागी होती. पण तुटक होती म्हणून मी तो सगळा भाग तपासला.”

पहिल्या मॉडेलमध्ये ती रेषा कुठे होती हे मी मनात पुन्हा पुन्हा पाहत होतो. गाठीच्या मागे, शिरेच्या जागी, गडद पिवळी.

त्यानंतर

तपासणीत गाठ श्वानोमाच निघाली, साधी. पहिले तीन आठवडे मावशींना हात खांद्याच्या वर नेताना जड जायचा. व्यायाम सुरू ठेवले. अंगठ्यातल्या मुंग्या दोन महिने राहिल्या, मग कमी होत गेल्या. छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासपटल दोन्ही बाजूंना सारखं होतं.

मला एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. मानेतले मज्जातंतू उथळ असतात. चांगल्या उच्च वारंवारतेच्या सोनोग्राफी प्रोबने ते एमआरआयपेक्षाही बारकाईने दिसतात, आडव्या कापात काळसर गोल ठिपक्यांसारखे. वरच्या खोडापासून सुप्रास्कॅप्युलर नस निघते तिथून तिचा माग काढणं सरावलेल्या हाताला जमतं. या प्रकरणात सोनोग्राफी झाली होती, पण ती गाठ कसली हे पाहण्यासाठी. माझ्या तुटक रेषा घेऊन ‘एवढंच बघून द्या’ म्हणत कुणीच गेलं नव्हतं. आता मी मॉडेल देताना तुटक भागांची वेगळी यादी देतो आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या जागा सोनोग्राफीने पाहून घ्या असं आग्रहाने सांगतो. मागच्या एका कामात अशा तीन जागांपैकी दोन गडद पिवळ्या झाल्या, तिसरी तशीच राहिली.

हाडांपासून अंतर छापणं बंद केलं. स्कॅन कुठल्या स्थितीत काढला, हात कुठे होता, मान कशी होती, हे मॉडेलच्या पहिल्याच पडद्यावर लिहितो.

या मॉडेलच्या फायलीत आता दोन सुप्रास्कॅप्युलर नसा आहेत. एक माझी तुटक, आणि एक शस्त्रक्रियेतले फोटो आणि सर्जनचं रेखाटन यांवरून नंतर काढलेली. माझी मी पुसली नाही. गाठ असताना नस नेहमीच्या वाटेने जाईलच असं नाही, याचा नमुना म्हणून तो संच मॅडम त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांना दाखवतात. आधी फक्त स्कॅन दाखवतात, रेषा काढायला सांगतात. मग माझी रेषा. मग खरी.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मावशी तपासणीला आल्या, तेव्हा मीही गेलो होतो. त्यांनी हात वर नेऊन दाखवला, पूर्ण, आणि मग कात्री चालवल्यासारखी बोटं उघडून मिटली. “यंदा विरळणीला जाणार,” त्या म्हणाल्या. सर्जननी अजून दोन महिने थांबायला सांगितलं. विरळणी तेव्हाच असते, असं त्या म्हणाल्या, आणि मग अर्धा दिवसच काम करायचं यावर दोघांचं जमलं.